आज डावा, उद्या उजवा

आमचे वरचे गेले त्याला आता वर्ष होत आलं. गेले म्हणजे तसे नव्हे, दचकू नका. पर्थला मुलाकडे गेले, आणि तिथे अगदी मजेत आहेत. 'वरचे' म्हणजे इथे परदेशात, आमच्या बिशानच्या ब्लॉकमध्ये बरोब्बर आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारे. त्यांना नाव होतं, चांगलं भारदस्त नाव होतं, पण मी ते कधी घेतलं नाही. ज्याच्यावर आपण जळतो त्याचं नाव घ्यायला जीभ वळत नाही. घरात मी म्हणायची, "वरचे भेटले होते," "वरच्यांनी डबा परत पाठवलाय." सून म्हणायची, "आई, त्यांना नाव आहे हो." मी म्हणायची, "असू दे की. मी कुठे काढून घेतलंय?"

उंच, वाळका माणूस. कान एवढे मोठे की टोपी त्यांच्यावरच टेकलेली असायची. वयाने माझ्यापेक्षा मोठे, आणि तरी आमची नात रेवा त्यांना 'काका' म्हणायची. मी आजी, आणि ते काका! इथूनच सुरुवात झाली बघा.

तर हे वरचे बेसबॉल खेळायचे. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊ. त्यात चेंडू टाकतो त्याला पिचर म्हणतात. त्याने धावत यायचं नाही, उंचवट्यावर एका जागी उभं राहून टाकायचा. पिचर असतात ते एकतर उजव्या हाताचे नाहीतर डाव्या. दोन्ही हातांनी टाकणारा लाखात एखादा, असं वरचे सांगायचे. तो एखादा कोण हे मग वेगळं सांगायचे नाहीत, नुसती टोपी सारखी करायचे.

जुन्या काळी सेम्बावांगला जहाजं दुरुस्त करायच्या कामावर होते. तिथे बरोबरचे जपानी इंजिनिअर रविवारी बेसबॉल खेळायचे. ह्यांनी लहानपणी गावाकडे लोकांच्या झाडांच्या कैऱ्या दगड मारून पाडलेल्या, तेवढ्या भांडवलावर ते त्यांच्यात शिरले. पुढे टाकून टाकून उजवा खांदा गेला. जपानी म्हणाले, बस आता बाकावर. हे बाकावर बसायचे नाहीत. वर्षभर हट्टाने डाव्या हाताने भिंतीवर चेंडू मारत राहिले. "आणि गंमत बघा वहिनी," ते मला म्हणायचे, "डावा तयार झाला आणि उजवा बरा होऊन परत आला! आता डाव्याला कसं म्हणायचं, तू जा?"

म्हणून त्यांनी दिवस वाटून दिले होते. एक दिवस डाव्याचा, दुसरा उजव्याचा. ज्याचा दिवस त्याने सगळी कामं करायची. दात घासायचे, कुलूप उघडायचं, सही करायची, जेवायचं. मी एकदा विचारलं, "अहो, हा काय चावटपणा?" तर म्हणाले, "वहिनी, दोन हात म्हणजे एका घरातल्या दोन जावा. एकीला जास्त मान दिला की दुसरी रुसते, आणि मग ऐन पाहुण्यांच्या वेळेला तिची कंबर धरते. त्यापेक्षा पाळी लावून दिलेली बरी."

मला हसू आलं, पण मी हसले नाही. त्यांच्या बोलण्याला हसायचं नाही असं मी तोपर्यंत ठरवलेलं होतं.

ह्या पाळीचा ताप सगळ्या जगाला. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, फाटकाला कार्ड टेकवायची जागा असते उजव्या बाजूला. डाव्याचा दिवस असला की हे गृहस्थ अंगाला पीळ देऊन डावा हात पलीकडे न्यायचे, आणि सकाळच्या गर्दीत मागे ऑफिसला जाणाऱ्या पोरापोरींची ही रांग. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांत, जेवायला बसले की डाव्या कोपराने शेजारच्याच्या सूपला धक्का. तिथला कॉफीवाला चिनी म्हातारा त्यांना चांगला ओळखून होता. लांबूनच ओरडायचा, "अंकल! टुडे लेफ्ट आह?" हे डावा हात वर करायचे. मग तो त्यांची कोपी, म्हणजे कॉफीच, टेबलाच्या त्या टोकाला नेऊन ठेवायचा, जिथे डाव्या बाजूला नुसता खांब असायचा.

आणि हात आधी दाखवायचा, हे तर त्यांचं ब्रीदच. आमच्या दारात आले की बेल वाजवून तो त्या दिवशीचा हात वर धरून उभे. जसा काही चौकातला पोलीस. मी दार उघडायची तर समोर पंजा. "आज डावा," म्हणायचे, आणि मगच चपला काढायचे.

ह्याचं कारणही मला रेवानेच सांगितलं. झालं काय, आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. पहिल्या दिवशी संध्याकाळी आरती झाली, सगळी मराठी मंडळी जमलेली, मुलाच्या ऑफिसातले, सुनेच्या ओळखीचे. मी पळी घेऊन तीर्थ देत होते. वरच्यांनी समोर धरला डावा हात.

मी म्हटलं, "उजवा."

"आज डावा आहे, वहिनी."

"देवाला तुमचं वेळापत्रक ठाऊक नाही."

"दोन्ही हात त्यानेच दिलेत. त्याला कसं ठाऊक नसेल?"

सगळे बघायला लागले. मी काही पळी कलती केली नाही आणि त्यांनी काही हात बदलला नाही. तीर्थ नाही, मोदक नाही, माणूस नमस्कार करून निघून गेला. माझ्या मनाला बरं वाटलं होतं, लपवून काय करू? तेवढ्यात रेवा माझ्या पदराला ओढून म्हणते, "आजी, ही डिक्लेअर्ड ऑलरेडी. कान्ट चेंज लाह!"

मग तिने समजावलं. बॅट घेऊन समोर उभा असतो तो जर उजवा असेल, तर त्याला उजव्या हाताने टाकलेला चेंडू ओळखायला अवघड जातो. डावरा असेल तर डाव्या हाताने टाकलेला. म्हणजे ज्याला दोन्ही हात येतात, त्याच्यापुढे कोणाचीच सोय नाही. म्हणून खेळाचा नियमच आहे की अशा पिचरने टाकायच्या आधी ग्लोव्ह एका हातात घालून दाखवायचं, मी कुठल्या हाताने टाकणार. आणि एकदा दाखवलं की समोरचा बाद होईपर्यंत किंवा पळत सुटेपर्यंत बदलायचा नाही. हेच वरच्यांच्या तोंडी असं असायचं, "चेंडू फसवा असावा, हात फसवा नसावा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. समोर उजवा पंजा. "आता द्या."

"गणपती गेला दुपारीच बादलीत," मी म्हटलं.

"मोदक राहिलाय ना?"

राहिला होता. दिला. काय करणार? पण तुम्हाला सांगते, एवढं सगळं होऊनही मला खुपलं ते निराळंच. त्या पोरीने माझी बाजू घेतली नाही, हे.

आता रेवाचं सांगते, म्हणजे माझ्या पोटातलं दुखणं कळेल. मी इथे आले तेव्हा ती पाळण्यात होती. आई तांजोंग पगार भागातल्या बँकेत, बाप दौऱ्यावर, त्यामुळे रेवा म्हणजे माझंच शेपूट. माझ्याशी मऊ मराठी बोलायची. मग शाळा लागली. शाळेत इंग्रजी, दुसरी भाषा म्हणून हिंदी, आणि मराठी बिचारं घरातल्या घरात सुकत गेलं. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मी भिंतीवर बाराखडी लावून बघितली, गोष्टी सांगून बघितल्या, लाडूचं आमिष दाखवलं. पोरगी लाडू खायची आणि "थँक्यू आजी" म्हणून पळायची. अकरा वर्षांची होईपर्यंत माझ्याकडे तिचं एकच राहिलं होतं, ते म्हणजे केस. शनिवारी सकाळी खोबरेल तेल आणि घट्ट दोन वेण्या. त्या अर्ध्या तासात ती जागची हलू शकायची नाही, तेवढा वेळ माझा.

आणि एक दिवस लिफ्टमध्ये वरचे भेटले. हातात एक चामड्याचा ग्लोव्ह. त्याला अंगठे दोन, एक ह्या कडेला, एक त्या कडेला. डाव्या हातातही घाला, उजव्या हातातही. त्यांच्या जपानी दोस्तांनी मुद्दाम करवून दिलेला. रेवाचे डोळे त्याला चिकटले. "अंकल, व्हॉट इज दॅट?"

हे वर आकड्यांकडे बघत उभे.

"अंकल?"

"मराठीत विचार," हे म्हणाले. बस्स, एवढंच. आमिष नाही, लाडू नाही, बाराखडी नाही.

आणि ती कार्टी म्हणाली, "काका, हा काय आहे?"

तीन वर्षं मी ज्याच्यासाठी डोकं आपटलं, ते एका लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या आत झालं. दार उघडलं, मी उतरले, आणि रेवा उतरलीच नाही! त्यांच्याबरोबर वर गेली, ग्लोव्ह घालून बघायला.

त्यानंतर शनिवारच्या सकाळी उद्यानात सराव सुरू झाला. खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे ब्लॉकखालच्या त्या खांबांच्या मोकळ्या जागेत, चेंडू खेळायला मनाई. भिंतीवर तशी पाटीच आहे. म्हणून वरच्यांनी मोजे गुंडाळून त्याचा चेंडू केला. पाटी वाचून म्हणाले, "ह्यात मोज्यांचं काही लिहिलेलं नाही." आठवड्याच्या संध्याकाळी मोजे, शनिवारी खरा चेंडू. त्यांचे सगळे मोजे कामाला लागलेले आणि हे बिनमोज्यांचे बूट घालून हिंडायचे.

मग रेवा मुलांच्या क्लबात जायला लागली. मग एका शनिवारी म्हणाली, "आजी, नो प्लॅट्स. जस्ट पोनीटेल. काका सेज द कॅप मस्ट नॉट मूव्ह." टोपीच्या मागच्या भोकातून ती शेपटी बाहेर काढायची, आणि ती काय, तिची तिलाच बांधता येते. तेलाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. तेल मी माझ्याच डोक्याला चोपडलं. वाया कशाला घालवा?

पण खरी कळ अजून सांगितलीच नाही. एक दिवस वरचे लिफ्टमध्ये एकटेच भेटले. उजव्याचा दिवस होता, उजवा हात दाखवून झाला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "आता बरी आहे का ती? मैत्रिणीने बोलणं टाकलंय म्हणून फार लागलंय तिला. मधल्या सुट्टीत एकटीच बसते म्हणे. तुम्हाला सांगितलं असेलच."

मी म्हटलं, "हो तर. मला माहीत आहे."

कुठलं माहीत? मला त्यातला 'म'सुद्धा माहीत नव्हता. ते वर निघून गेले. मी आमच्या मजल्यावर न उतरता तशीच खाली गेले, परत वर आले. लिफ्टच्या आत ते चकचकीत स्टील असतं ना, त्यात माझं तोंड दिसत होतं. ओठ आत ओढलेले, हनुवटी वर, आणि डोळे असे की कोणीतरी ताटातलं उचलून नेलंय आणि मागता येत नाही. शोभत नव्हतं हो माझ्या वयाला. पण तोंड माझंच होतं, काय करता?

आता ह्यात आणखी एक गाठ होती, ती मला आणि वरच्यांना दोघांनाच माहीत होती. रेवा जन्मतः डावरी. मुलगा उजवा, सून उजवी, तिच्या माहेरीही कोणी डावरं नाही. सगळे म्हणायचे, कुठून आला हा डावा हात? मी गप्प बसायची. कारण तो माझ्याकडून आला होता.

सांगलीला माझ्या आईने तो माझ्या लहानपणीच वळवला. मारलं नाही, बांधला नाही. पण वळवला तो असा की पुढे माझ्या नवऱ्यालासुद्धा जन्मभर पत्ता लागला नाही. मीही कधी सांगितलं नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला?

वरच्यांनी ते एका झटक्यात ओळखलं. उद्यानात मी बाकावर थर्मास घेऊन बसलेली, रेवाचा एक चेंडू भलतीकडे सुटला आणि माझ्या अंगावर आला. मी तो झेलला. झेलल्यावर बघते, तर डाव्या हातात. वरचे चालत आले, चेंडू मागायला हात पुढे केला आणि हळूच म्हणाले, "वहिनी, तुमचा खरा हात हा आहे."

"छे! घाबरून झाला तसा."

"घाबरला की माणूस खरा हातच पुढे करतो. राहू दे. तुम्ही दाखवला नाहीत, म्हणजे मी पाहिला नाही." आणि खरंच कोणाला बोलले नाहीत. हा त्यांचा चांगुलपणा मला त्या दिवशी फार बोचला. ज्याच्यावर जळायचं त्याने निदान नालायक तरी असावं.

रेवाला दोन हातांची पिचर व्हायचं वेड लागलं. डावा तर तिचा नैसर्गिकच, सणसणीत जायचा. पण क्लबाच्या मुलांचा एक मोठा सामना होता, त्यात तिला दोन्ही हात दाखवायचे होते. आणि मला हळूहळू कळलं होतं की ह्याच्यामागे ती रुसलेली मैत्रीणही आहे. ती सामना बघायला येणार होती, तिचा भाऊ समोरच्या संघात होता. रेवाला तिच्यासमोर कोणीतरी व्हायचं होतं.

आणि उजवा काही येईना.

वरच्यांनी जंग जंग पछाडलं. पाऊल असं टाक, खांदा तसा ने. चेंडू कधी जमिनीत, कधी झाडात, एकदा थेट उद्यानातल्या नदीत. "तुझा उजवा मुका आहे," ते म्हणायचे. "डावा बोलतो, उजवा नुसता उभा राहतो." रेवा दात ओठ खायची. एका शनिवारी तिने ग्लोव्ह फेकून दिला आणि गवतात बसून रडली. वरचे तिच्याजवळ गेले, काहीतरी बोलले. तिने तोंड फिरवलं. पहिल्यांदाच!

मी बाकावरून बघत होते. आणि खोटं कशाला बोलू, मला पहिल्या झटक्याला काय वाटलं असेल? बरं वाटलं. दुसऱ्या झटक्याला तिचे हुंदके ऐकू आले, मग नाही वाटलं.

वरचे माझ्या बाकाशी आले. दोन्ही हात पुढे केले, उताणे, रिकामे. मी म्हटलं, "आज कुठला?"

"आज एकही नाही, वहिनी. मला जमत नाही. उजव्या माणसाचा डावा कसा जागा होतो ते मला माहीत आहे. डाव्या माणसाचा उजवा कसा जागा करायचा ते मला नाही माहीत." मग माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "तुम्हाला माहीत असणार."

काय सांगू तुम्हाला, कानाला इतकं गोड मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मला तर केव्हाचंच दिसत होतं काय चुकतंय ते. उजव्या हाताने टाकताना तिचा डावा मध्येच लुडबुड करायचा. ग्लोव्ह घातलेला तो हात गप्प राहायचाच नाही, मदतीला धावायचा, आणि सगळं अंग त्याच्यामागे कलायचं.

मी म्हटलं, "शिकवीन. पण एका अटीवर. तुम्ही तिथे नसाल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरावाच्या वेळी तिथे नसायचं म्हणजे त्यांना काय होतं, हे मला चांगलं कळत होतं. कळत होतं म्हणूनच मागितलं. "सामन्यापर्यंत?" त्यांनी विचारलं.

"सामन्यापर्यंत."

"बरं," म्हणाले, आणि टोपी सारखी केली.

पहिल्या दिवशी मी तिला चेंडू दिलाच नाही. स्वयंपाकघरात उभी केली. चिंचेच्या गोळ्यातून एक चिंचोका काढला, धुतला आणि तिच्या डाव्या मुठीत दिला. "हा घट्ट धरायचा. सोडायचा नाही. आणि उजव्या हाताने डोसे घाल."

"व्हाय, आजी?"

"डाव्याला राखण दिली की तो लुडबुड करत नाही."

माझ्या आईने अगदी असंच केलं होतं. मुठीत चिंचोका आणि उजव्या हातात रांगोळी. डावा बिचारा आपली राखण करत बसायचा, त्याला वाटायचं फार महत्त्वाचं काम मिळालंय. पहिले डोसे नकाशासारखे झाले. ते मुलाने मुकाट्याने खाल्ले. मग गोल व्हायला लागले. मग मोज्यांचा चेंडू घेतला. ग्लोव्हच्या आत डाव्या मुठीत चिंचोका घट्ट, छातीशी धरलेला, आणि उजवा मोकळा.

रेवाने चौथ्या पाचव्या दिवशी विचारलं, "आजी, हाऊ यू नो धिस?"

"मी पण डावरी आहे."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मला शेपूट फुटलंय. "यू? लेफ्टी? आजी! यू नेव्हर से!"

मी तिच्याच भाषेत म्हटलं, "यू नेव्हर आस्क."

"शो मी!"

व्हॉइड डेकच्या कडेला, उघड्यावर, आम्ही दोघीच होतो. मी मोज्यांचा चेंडू घेतला. हात वर करेपर्यंत मला खात्री नव्हती की तो हात अजून आहे. तो होता. चेंडू सुटला तो शेजारच्या बाईंच्या मोगऱ्याच्या कुंडीवर, आणि रेवा खांबाला धरून हसत सुटली. इतकी हसली की मलाही आवरेना.

हसता हसता सहज वर बघितलं. पार वरच्या कठड्यावरून एक टोपी खाली वाकलेली होती. मी बघितल्याबरोबर आत गेली. अट मोडली म्हणावं तर ते 'तिथे' नव्हते, त्यांच्या घराबाहेर होते. पाटीवर मोजे लिहिलेले नाहीत, तसंच हे. त्यानंतर रोज ती टोपी तिथे असायची. मी वर बघायची नाही, पण रेवाच्या पाठीवर मुद्दाम दोन थापा जास्त मारायची.

सामन्याच्या दिवशी सून आणि मुलगा छत्र्या घेऊन पुढे बसले. मी आणि वरचे मागे, मध्ये माझा थर्मास. त्या दिवशी त्यांनी मला हात दाखवला नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "आज माझा खेळ नाही."

रेवा उंचवट्यावर गेली. तो दोन अंगठ्यांचा ग्लोव्ह तिला त्यांनीच दिला होता, तिच्या हाताला मोठा व्हायचा. समोर आला तो नेमका त्या मैत्रिणीचा भाऊ, आडदांड, उजवा. पंचांनी खूण केली, हात दाखव.

तिने आमच्याकडे बघितलंच नाही. ग्लोव्ह डाव्या हातात चढवला आणि वर धरला. म्हणजे उजव्याने टाकणार. आता बदलायची सोय नाही. माझी मूठ थर्मासच्या कानावर आवळली. त्या ग्लोव्हच्या आत चिंचोका आहे, हे त्या अख्ख्या मैदानात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

पहिला चेंडू त्याने सोडला, बाहेर गेला. दुसरा त्याने मारला, रेषेबाहेर, म्हणजे एक चूक. मग तिने डावी मूठ छातीशी ओढली, मला इथून दिसली, आणि उजवा हात असा सरळ, मोकळा आला की कोणी म्हणणार नाही हा दुसरा हात आहे. बॅट फिरली ती हवेत. आणखी एक, पुन्हा हवेत. तीन चुका, पोरगा बाद.

पुढची मुलगी डावरी होती. रेवाने ग्लोव्ह काढला, उजव्या हातात चढवला, वर धरला, आणि डाव्याने टाकला. सणसणीत.

माझ्या शेजारी वरच्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग मैदानाकडेच बघत म्हणाले, "तो उजवा माझा नाही, वहिनी."

"नाही," मी म्हटलं.

"आणि डावा तर रक्तातलाच, तुमचा. मग माझं काय राहिलं?"

मी म्हणणार होते, ती बोलते की तुमच्याशी! सगळं मराठी तुमच्याकडे, सगळी गुपितं तुमच्याकडे, आणखी काय हवंय? पण तेवढ्यात डाव संपला आणि रेवा धावत आली. लाल तोंड, टोपीमागून उडणारी शेपटी. सवयीने मला ठाऊक होतं ती कोणापुढे जाऊन थांबणार.

ती माझ्यापुढे थांबली. ग्लोव्हमधून चिंचोका काढला, घामाने ओला, कोमट, आणि माझ्या हातावर ठेवला. डाव्या. मग वरच्यांकडे वळली आणि धापा टाकत म्हणाली, "काका, तुम्ही बघितला? कसा गेला? बरोबर गेला ना?"

मला वाटलं, झालं! बोलणं शेवटी तिकडेच.

वरचे खाली वाकले. म्हणाले, "मला काय विचारतेस? आजीला विचार."

रेवाने एकदा माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, जसं काही म्हातारा वेड्यासारखं बोलतोय. "आजीला काय विचारायचं?" ती म्हणाली. "आजीला माहीत आहे."

आणि पाणी प्यायला पळाली.

मी मूठ मिटली. मान वळवून वरच्यांकडे बघितलं. ओठ आत ओढलेले, हनुवटी वर, आणि डोळे असे की कोणीतरी ताटातलं उचलून नेलंय आणि मागता येत नाही. ते तोंड मी चांगलं ओळखत होते. वर्षभर लिफ्टमध्ये रोज बघितलेलं होतं.

मी थर्मास उघडला, चहा ओतला आणि कप त्यांच्यापुढे धरला. डाव्या हाताने.